बादली भरत जाते तेव्हा

नळाखाली रिकामी बादली हातात धरून उभे राहा. पाणी चढते, वजन वाढते आणि हाताचा जोरही झटका न बसता वाढत जातो. स्नायू एकसंध ओढला जातो असे वाटते खरे, पण आत अनेक गट काम करत असतात. मज्जारज्जूतली एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले स्नायुतंतू मिळून एक गट होतो. त्याला मोटर युनिट म्हणतात. पेशीने इशारा दिला की तिचे सगळे तंतू आकुंचन पावतात. अर्धेमुर्धे काम तिथे नाही. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत एका पेशीकडे मोजकेच तंतू असतात, पोटरीत हजाराच्या आसपास.

मग बादली भरताना कोणता गट आधी उठतो? एल्वुड हेनमन यांनी 1957 मध्ये याचे उत्तर मांडले: आधी लहान चेतापेशी, मग मोठ्या. लहान पेशीला थोडा विद्युतप्रवाहही पुरतो, म्हणून मेंदूला एकेका गटाची निवड करत बसावे लागत नाही. मला यातली काटकसर विलक्षण वाटते. लहान गटांचा जोर कमी, पण ते दमतही नाहीत. दिवसभर ताठ उभे राहण्याचा भार तेच पेलतात. दमणारे दांडगे गट वजन फार झाले की येतात.

शिवाय प्रत्येक इशाऱ्याने तंतू क्षणभरच आवळतो. सुरुवातीला एक गट सेकंदाला आठ-दहा इशारेच सोडतो. सगळे गट एकाच वेळी आवळले असते तर बादली हिंदकळली असती. ते मागेपुढे आवळतात, म्हणून ओढ सलग राहते.

पोलिओचा विषाणू याच चेतापेशी मारतो. पोरके झालेले तंतू शेजारची वाचलेली पेशी नवे फाटे फोडून आपल्याकडे घेते, आणि तिचा गट कित्येक पटींनी मोठा होतो. लहानपणी लुळा पडलेला पाय पुन्हा चालू लागतो तो बराचसा यामुळे. भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्यात आढळला, पण त्याआधी पोलिओ झालेली माणसे आपल्यात आहेत. कित्येक वर्षे जादा भार वाहिलेल्या या पेशींचे फाटे पुढे गळू लागतात आणि पाय पुन्हा अशक्त होतो. अशा माणसाला ‘व्यायाम वाढवा’ असे सरसकट सांगणे चुकीचे आहे. दमेपर्यंत केलेली मेहनत त्याला बाधू शकते. तपासून, मधे विश्रांती देऊन बेताचा व्यायाम ठरवायला हवा.