सैल पकडीचा फायदा

विषाणू पेशीत कसा शिरतो हे सांगताना कुलूप-किल्लीचं उदाहरण हमखास दिलं जातं. फ्लूच्या विषाणूला ते नीट लागू पडत नाही. त्याच्या अंगावरच्या काट्यांतलं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन आपल्या श्वसनमार्गातल्या पेशींवरच्या शर्करा-साखळ्यांचं टोक, म्हणजे सियालिक आम्ल, धरतं. पण एकेका काट्याची पकड अगदीच कच्ची असते; बरेच काटे एकदम टेकले तरच विषाणू टिकतो. माझ्या मते या कच्चेपणावरच त्याचं सगळं भागतं. पुरावा जुना आहे. फ्लूच्या विषाणूमुळे कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींचे पुंजके होतात, हे 1941 मध्ये अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट यांनी नोंदवलं. गारव्यात चिकटलेला विषाणू 37 अंशांना आपोआप सुटे, ताज्या पेशींना पुन्हा चिकटे. आधीच्या पेशी मात्र त्याला दाद देत नसत. म्हणजे सुटताना तो त्यांच्यावरचं काहीतरी तोडत होता. ते सियालिक आम्ल होतं आणि तोडणारं एन्झाइम न्यूरामिनिडेज, हे पुढे मेलबर्नमध्ये आल्फ्रेड गॉट्शाल्क यांच्या कामातून उलगडलं.

मग पकड घट्ट असती तर विषाणूचं फावलं नसतं का? नसतं. नाकाघशातल्या चिकट स्रावातही सियालिक आम्ल भरपूर असतं, आणि घट्ट धरणारा विषाणू तिथेच रुतून बसला असता. नव्यानं तयार झालेल्या विषाणूंनाही जुनी पेशी सोडावीच लागते. 2009 च्या स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्यात घरोघरी माहीत झालेली टॅमिफ्लूची गोळी हीच सुटका रोखते: ती न्यूरामिनिडेज अडवते, चिकटणं नव्हे.

पकड सैल असली तरी ती निवडक असते. त्यावर आक्षेप असा, की पक्ष्यांच्या फ्लूला माणसातली साखर मानवत नसेल, तर माणसांना तो होतोच कसा? पक्ष्यांचा विषाणू सियालिक आम्लाची एका प्रकारची जोडणी पसंत करतो, माणसाच्या घशात मुख्यतः दुसरी असते. पण पहिली आपल्या फुप्फुसांत खोलवर आणि डोळ्यांत सापडते. म्हणून आजारी कोंबड्यांत वावरणाऱ्यांना धोका असतो, पण माणसामाणसांत साथ सहसा पसरत नाही. अमेरिकेत पक्ष्यांचा फ्लू झालेल्या गायींच्या कासेतही तीच जोडणी आढळली. 2024 मध्ये प्रयोगशाळेत दिसलं, की गायींतल्या एच5एन1 या पक्षी-फ्लूच्या विषाणूच्या हिमॅग्लुटिनिनमध्ये एकच बदल केला तरी त्याची आवड माणसाच्या साखरेकडे वळते. ही चाचणी सुट्या प्रथिनावरची होती. पेशीत शिरल्यावर वाढण्यासाठी विषाणूच्या पॉलिमरेजलाही, म्हणजे त्याच्या जनुकांच्या प्रती काढणाऱ्या एन्झाइमलाही, माणसाशी जुळवून घ्यावं लागतं, आणि तो बदल साखरेवर अवलंबून नसतो.