मचूळ पाण्याचे शुद्धीकरण : अहवालातील आकडे कसे वाचावेत?

विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी दिसावयास नितळ असले, तरी त्यात विरघळलेले क्षार डोळ्यांना दिसत नाहीत. असे क्षार कमी करण्यासाठी व्यस्त तर्षण, म्हणजेच रूढ भाषेत ‘आर.ओ.’, ही पद्धत अवलंबिली जाते. तिच्या परीक्षण-अहवालातील संज्ञांचा अर्थ ठाऊक नसल्यास संयंत्र योग्य काम देते की नाही, हे गावास ठरविता येत नाही.

अर्धपार्य पटलाच्या एका बाजूस गोडे व दुसऱ्या बाजूस खारे पाणी ठेवल्यास गोडे पाणी खाऱ्याकडे जाते. यास तर्षण म्हणतात. खाऱ्या बाजूवर पुरेसा दाब दिल्यास प्रवाह उलटतो, पाणी पार होते आणि बहुतेक क्षार मागे राहतात. सिडनी लोब व भारतीय शास्त्रज्ञ श्रीनिवास सौरीराजन यांनी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार केलेल्या पटलामुळे ही पद्धत व्यवहारात आली. 1965 मध्ये कोलिंगा या गावी मचूळ पाण्यासाठी असे संयंत्र सुरू झाले.

पाण्याची मोजमापे

एकूण विरघळलेले घनपदार्थ, म्हणजेच ‘टी.डी.एस.’, दर लिटरमागे मिलिग्रॅममध्ये सांगतात. भारतीय मानक 10500 (2012) प्रमाणे याची स्वीकार्य मर्यादा 500 असून, दुसरा स्रोत नसल्यास 2,000 पर्यंत सवलत आहे. समुद्राच्या पाण्यात हे प्रमाण सुमारे 35,000 असते. हातातील मीटर प्रत्यक्षात विद्युत् संवाहकता मोजतो व तिला साधारणतः 0.5 ते 0.7 या गुणकाने गुणून आकडा दाखवितो. म्हणून तो जंतू दाखवीत नाही, तसेच फ्लोराइड वा नायट्रेट वेगळे ओळखीत नाही. मीटरवरील कमी आकडा म्हणजे निर्धोक पाणी, हा समज घातक आहे.

सामू 6.5 ते 8.5 असावा. दुष्फेनता 200 पर्यंत स्वीकार्य व पर्यायाअभावी 600 पर्यंत चालते. ती अधिक असल्यास पटलावर चुन्याचा थर बसतो. फ्लोराइड 1.0, व पर्यायाअभावी 1.5 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. नायट्रेटची मर्यादा 45 असून तीत सवलत नाही. या दोहोंसाठी प्रयोगशाळेतील परीक्षणच हवे.

संयंत्राची मोजमापे

समजा, 100 लिटर कच्च्या पाण्यात घनपदार्थ 1,500 आहेत. त्यापासून 60 लिटर शुद्ध पाणी मिळाले व त्यात ते 75 आहेत. येथे प्राप्ती 60 टक्के आणि क्षारनिवारण 95 टक्के झाले. उरलेल्या 40 लिटर पाण्यातील प्रमाण मात्र सुमारे 3,640 होते. कच्च्या पाण्यात फ्लोराइड असल्यास तेही याच रीतीने वाढते. हे पाणी विहिरीजवळ वा शोषखड्ड्यात सोडल्यास तेच दोष पुन्हा भूजलात उतरतात. ते गुरांनाही पाजू नये.

कच्चे पाणी व दाब तेच असता शुद्ध पाण्यातील आकडा 75 वरून 150 वर चढला, तर पटल झिजले किंवा गळत आहे असे समजावे. शुद्ध पाण्याचा प्रवाह घटून दाब वाढला, तर पटलावर थर बसला असण्याचा संभव आहे. क्लोरीन प्रचलित पॉलिअमाइड पटलास अपायकारक असल्याने ते आधी काढून टाकतात. त्यामुळे शुद्ध पाण्यात जंतुरोधक उरत नाही. साठवणीची टाकी स्वच्छ व झाकलेली ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मूळ पाण्यात घनपदार्थ 500 हून कमी असून अन्य रासायनिक दोष नसल्यास या संयंत्राची गरज नाही. गाळणे व निर्जंतुकीकरण पुरे होते; अन्यथा पाणी व वीज विनाकारण खर्ची पडून कॅल्शियम व मॅग्नेशियमही निघून जातात.

ग्रामपंचायतीने कच्च्या व शुद्ध पाण्याचे आकडे, दाब व प्रवाह यांची रोज नोंदवहीत नोंद करावी. शाळेतील वरच्या वर्गांतील मुलांकडून शिक्षकांना प्राप्ती व क्षारनिवारणाची गणिते करवून घेता येतील. पावसाळ्यापूर्वी व नंतर पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठविल्यास दोष वेळीच उघडकीस येईल.