अनवाणी टापा

आषाढीच्या वारीत रिंगण झालं की माउलींच्या अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. दारावर घोड्याचा नाल ठोकणारे आणि शनीची पीडा टळावी म्हणून काळ्या घोड्याच्या नालाची अंगठी घालणारेही आपल्याकडे कमी नाहीत. माती पवित्र, लोखंड शुभ. त्या दोहोंच्या मधे जो खूर असतो, त्याच्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. घोडा लंगडला की नालबंदाला निरोप जातो, तोवर खुराकडे लक्ष नसतं.

गेल्या चाळीसेक वर्षांत अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया या देशांत खुराभोवती एक वेगळी कारागिरी उभी राहिली आहे. तिथे तिला ‘बेअरफूट ट्रिमिंग’ म्हणतात. खूर वेळच्या वेळी नीट छाटला, घोड्याला भरपूर चालू दिलं आणि त्याचा चारा सांभाळला, तर बहुतेक घोड्यांना लोखंडाची गरज पडत नाही, असं ती करणाऱ्यांचं म्हणणं. यातल्या छाटणीचीच चर्चा सगळ्यात जास्त होते. मला ती या कामातली सगळ्यात लहान गोष्ट वाटते. खूर घडतो तो चालण्यातून आणि चाऱ्यातून. कानस घेऊन बसलेला माणूस जमिनीचं राहिलेलं काम पुरं करतो, इतकंच.

हे पटायचं असेल तर खुराच्या आत डोकवावं लागतं. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर उभा असतो. साडेचारशे-पाचशे किलोंचं वजन, आणि त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या दोन पायांवर. बोटाचं शेवटचं हाड खुराच्या आत असतं, पण ते तळव्यावर टेकलेलं नसतं. खुराच्या भिंतीला आतून टांगलेलं असतं. भिंतीच्या आतल्या अंगाला साडेपाचशे-सहाशे उभे पापुद्रे असतात, त्या प्रत्येकावर शंभराहून जास्त सूक्ष्म पापुद्रे, आणि हाडाकडून आलेले तसेच पापुद्रे त्यांत गुंतलेले. घोडा चौखूर उधळतो तेव्हा सगळा भार या गुंतवळीवर येतो. टाचेकडे मऊ गादी आणि लवचिक कूर्चा असते. पाऊल पडलं की टाचा किंचित फाकतात, धक्का तिथे जिरतो. पाऊल उचललं की त्या पुन्हा मिटतात. या उघडझापीने पायातलं रक्तही खेळतं राहतं.

भिंत महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढते. कातडीच्या कडेपासून बोटाच्या टोकापर्यंत संपूर्ण नवा खूर यायला वर्षभर लागतं, टाचेला त्याहून कमी. मोकळ्या माळावर रोज मैलोन् मैल हिंडणाऱ्या घोड्याची ही वाढ दगड-मातीवर झिजून जाते. तबेल्यात बांधलेल्या घोड्याची झिजत नाही. नाल ठोकलेल्या घोड्याची तर झिजूच शकत नाही, कारण जमिनीला खूर लागतच नाही, लोखंड लागतं. मग बोट लांब होत जातं, टाचा पुढे सरकतात, आणि तळव्याच्या मधला रबराळ त्रिकोण, जो प्रत्येक पावलागणिक जमिनीला टेकायला हवा, तो अधांतरी राहून बारीक होत जातो.

हे काही आज लक्षात आलेलं नाही. ग्रीक सेनानी झेनोफननं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की अंगणात मुठीएवढ्या गोल दगडांच्या चार-पाच गाड्या ओताव्यात आणि घोड्याला रोज त्यांच्यावर उभं करावं, म्हणजे खूर कणखर होतात. खिळ्यांनी ठोकायचा नाल तेव्हा ग्रीकांकडे नव्हता, त्यामुळे खूर टिकवण्याची विद्याच त्यांना लागत होती. पुढे 19व्या शतकाच्या आरंभी ब्रेसी क्लार्क या इंग्रज पशुवैद्यानं कधीही नाल न ठोकलेल्या एका घोडीच्या खुराचे साचे घेतले, मग तिला नाल ठोकले आणि वर्षागणिक नवे साचे घेत गेला. खूर टाचेकडून आवळत चालल्याचं त्या साच्यांत सरळ दिसत होतं. 1809 मध्ये त्यानं खुराच्या लवचिकपणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्या काळात गाड्या, डाक, शेती, सैन्य सगळं घोड्यावर चालत होतं. खूर सुधारेपर्यंत वर्षभर थांबायची सवड कोणाला होती?

नाल म्हणजे मूर्खपणा, असं मी म्हणणार नाही. पेशवाईत मोहिमेआधी शिलेदाराला घोडा तयार करायला जी आगाऊ रक्कम मिळे, तिला नालबंदीच म्हणत. दख्खनच्या खडकाळ मुलखात दिवसेंदिवस मजला मारायच्या तर लोखंड हा चोख उपाय होता. चांगला नालबंद खिळे भिंतीच्या निर्जीव भागातच मारतो, पुढच्या अर्ध्या अंगाला ठेवतो आणि टाचा मोकळ्या सोडतो. नाल बसवण्याआधी तोही खूर छाटतोच, आणि त्या छाटणीतच त्याचं खरं कसब दिसतं.

आजच्या चळवळीतलं एक मोठं नाव जेमी जॅक्सन हाही मुळात नालबंदच. 1982 ते 1986 या काळात तो अमेरिकेच्या ग्रेट बेसिनमध्ये रानटी मस्टँग घोड्यांच्या मागे हिंडला. कोरडी, दगडाळ जमीन. पाण्याची एक जागा सोडली की दुसरी कोसांवर. तिथल्या घोड्यांचे खूर त्याला आखूड, जाड भिंतीचे आणि कडेला गोलाई आलेले दिसले. या निरीक्षणांवरचं त्याचं ‘द नॅचरल हॉर्स’ हे पुस्तक 1992 मध्ये आलं. कडेची ती गोलाई आता जगभरचे कारागीर कानशीनं मुद्दाम काढतात आणि तिला ‘मस्टँग रोल’ म्हणतात.

प्रत्यक्ष काम सुरू होतं ते पायाला हात न लावता. कारागीर घोड्याला आधी कठीण जमिनीवर चालवून पाहतो. टाच आधी टेकते की बोट? निरोगी पाऊल टाचेवर किंवा सपाट पडतं. बोट आधी टेकत असेल तर घोडा टाच चोरतोय, तिथे दुखतंय. मग खांद्यावरून हात खाली सरकवत पाय मागायचा. पुढचा पाय आपल्या दोन गुडघ्यांच्या मधे धरायचा, मागचा मांडीवर घ्यायचा. आकडीनं टाचेकडून बोटाकडे माती-लीद उकरायची. त्रिकोणाच्या दोन्ही बाजूंच्या खोबणीत काळपट ओल आणि कुजका दर्प असेल तर तिथे सड लागलेली आहे. ओल्या तबेल्यात, विशेषतः आपल्या पावसाळ्यात, ती हमखास लागते, आणि त्यापायीच घोडा टाच टेकायला कचरतो.

यानंतर सुरी. तळव्यावरचा मेलेला थर भुकटी होऊन सहज सुटतो. त्याखाली मेणचट, चिवट थर लागला की तो जिवंत तळवा. सुरी तिथे थांबलीच पाहिजे. अनाडी आणि जाणता कारागीर इथेच ओळखू येतो, कारण तळवा कोरून गुळगुळीत केला की दिसायला सुरेख दिसतो आणि घोडा दुसऱ्या दिवशी खडीवर पाय टाकेनासा होतो. तळवा आणि भिंत जिथे भेटतात तिथे फिकट पिवळसर रेघ असते. ती घट्ट असेल तर आतली टांगणी शाबूत आहे. ताणली जाऊन रुंद झाली असेल तर भिंत हाडापासून सुटायला लागली आहे. वाढलेली भिंत पकडीनं कापायची, तळव्याच्या जेमतेम वर ठेवायची, टाचा दोन्हीकडून समतल करायच्या आणि शेवटी कानशीनं बाहेरची कड गोल करायची, म्हणजे ती दगडावर तुटत नाही. चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा हेच. फार वाट पाहिली की एका वेळी फार कापावं लागतं, आणि ते पायाला सोसत नाही.

खुराच्या बाहेरच्या अंगावर आडवी वळी असतात. ताप येऊन गेला, चारा एकाएकी बदलला, पावसानंतर कोवळं गवत भरमसाट खाल्लं, की कातडीच्या कडेला एक वळं उमटतं आणि वाढीबरोबर खाली सरकत जातं. वाढीचा वेग माहीत असेल तर ते कोणत्या महिन्यातलं आहे हे मोजून सांगता येतं. मालक काहीही सांगो, गेल्या वर्षभराची हकीकत भिंतीवर असते. वळी टाचेशी दूर आणि बोटाशी दाटीनं असतील तर प्रकरण गंभीर, कारण ती लॅमिनायटिसची खूण असते.

लॅमिनायटिस म्हणजे त्या पापुद्र्यांची गुंतवळ सैल पडणं. हाड आतल्या आत फिरतं किंवा खाली बसतं, आणि क्वचित तळवा फोडून बाहेरही येतं. वेदना अशी की घोडा पुढचे पाय लांब टाकून मागे भार देत उभा राहतो, हलत नाही. क्वीन्सलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2007 मध्ये निरोगी तट्टांच्या रक्तात इन्सुलिनची पातळी वाढवून ठेवली, तेव्हा तीन दिवसांच्या आत त्या सगळ्यांना लॅमिनायटिस झाला. इन्सुलिन वाढवणारं जड खाणं आणि कमी चालणं यांचा खुराशी इतका थेट संबंध आहे. काटक जातींची तट्टं तर थोडक्या सुक्या चाऱ्यावर जगायलाच घडलेली. त्यांना हिरवंगार कुरण पचत नाही. आपल्याकडे घोड्याला लाडानं गूळ भरवतात, उसाची वाढी घालतात, ताकद यावी म्हणून हरभरा वाढवत नेतात. दिवसभर कष्टणाऱ्या जनावराला ते कदाचित पचेल. लग्नाच्या हंगामापुरता बाहेर निघून एरवी खुंट्याला उभा असलेल्या घोड्याला त्यानं अपंगत्व येऊ शकतं. अशा घोड्यावर कितीही सुरेख छाटणी केली तरी ती वाया जाते.

म्हणूनच 2006 मध्ये जॅक्सननं मांडलेली कुरणाची कल्पना मला त्याच्या कानशीपेक्षा महत्त्वाची वाटते. मोकळं कुरण न देता कुंपणाला लागून अरुंद वाट आखायची, पाणी एका टोकाला ठेवायचं, सुकं गवत ठिकठिकाणी विखरून, आणि मधे मधे गोट्यांची खडी पसरायची. घोडा खाण्यापिण्यासाठी दिवसभर आपणहून चालत राहतो. झेनोफनच्या अंगणातले दगड इथे पुन्हा येतात.

या चळवळीत भाबडेपणाही आहे. रानटी घोड्याचा खूर तोच आदर्श, असं धरून चालणाऱ्यांना ऑस्ट्रेलियातल्या ब्रायन हॅम्प्सन आणि ख्रिस पॉलिट यांच्या कामानं हादरा दिला. त्यांनी रानटी ब्रम्बी घोड्यांना जीपीएस लावून ते दिवसाला सरासरी 16 किलोमीटर चालतात हे मोजलं. पण न्यूझीलंडच्या कायमानावा प्रदेशातल्या रानटी घोड्यांचे खूर तपासले तेव्हा त्यांत व्यंगंच व्यंगं निघाली, आणि हा खूर नमुना म्हणून धरू नये, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. जर्मनीच्या हिल्ट्रूड श्ट्रासर या पशुवैद्य बाईंनी टाचा फार खाली कापायची पद्धत प्रचारात आणली. त्या पद्धतीमुळे घोड्यांना यातना होतात, अशी कडक टीका इतर पशुवैद्यांनी केली. एका साच्यात सगळे खूर बसवायला गेलं की असं होतं. खूर त्या घोड्याचा आणि त्याच्या पायाखालच्या जमिनीचा असतो, पुस्तकातल्या चित्राचा नसतो.

अनवाणी घोडा फक्त हौसेपुरता, हा समज मात्र टोकियोत मोडला. 2021 च्या ऑगस्टमध्ये स्वीडननं ऑलिंपिकमधलं अडथळे-उडीचं सांघिक सुवर्ण जिंकलं. त्या संघातल्या तीन घोड्यांपैकी दोन, पेडर फ्रेडरिक्सनचा ‘ऑल इन’ आणि हेन्रिक फॉन एकरमानचा ‘किंग एडवर्ड’, नालाशिवाय उड्या मारत होते.

ब्रिटनमध्ये 1975 च्या कायद्यानुसार नाल फक्त नोंदणीकृत नालबंदच बसवू शकतो. नाल न बसवता नुसती छाटणी करणाऱ्याला ती अट नाही. या फटीतून चांगले कारागीर आले तसे अर्धवट शिकलेलेही आले. आपल्याकडे ना तो कायदा, ना छाटणीचं वेगळं शिक्षण. विद्या नालबंदांच्या घराण्यांत बापाकडून मुलाकडे येते. मला वाटतं, आपल्याकडे अनवाणी छाटणी रुजायची तर ती याच घरांतून रुजावी. हत्यारं तीच, जनावराला हाताळण्याची सवय तीच. फक्त छाटणीचे वेगळे पैसे द्यायला मालक तयार हवा. आज तो नालाचे पैसे देतो, छाटणी त्यात फुकट धरतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात हजारो-लाखो रुपयांची जनावरं अंगावरचे केसांचे भोवरे पाहून निवडली जातात. भोवऱ्यांना जितका वेळ देतात तितका चारही पाय उचलून तळवे पाहायला दिला, तर फसवणूक किती तरी कमी होईल.

माथेरानचा विचार यात यायलाच हवा. तिथे मोटारींना बंदी, वाटा जांभ्याच्या लाल मातीच्या, आणि घोडा हे रोजच्या वाहतुकीचं साधन. वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवायला सुरुवात झाली तेव्हा घोडे घसरतात अशी तक्रार घोडेवाल्यांनी केली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गुळगुळीत कठीण पृष्ठभागावर लोखंड घसरतं. उघडा खूर त्याहून बरी पकड घेतो. म्हणून तिथल्या सगळ्या घोड्यांचे नाल उद्याच उपटावेत, असा अर्थ कुणी काढू नये. रोज पाठीवर माणूस घेऊन उतार उतरणाऱ्या जनावराचा पातळ तळवा एकाएकी उघडा पाडला तर ते लंगडेल, आणि त्याच्या मालकाची रोजी बुडेल.

ज्याला हे करून पाहायचंय त्यानं कामाचा ताण कमी असलेल्या दिवसांत, एका घोड्यापासून सुरुवात करावी. नाल काढायच्या एक-दोन महिने आधी गूळ बंद, दाणा बेताचा, सुकं गवत मुबलक. उभं राहायची जागा कोरडी हवी. नाल निघाल्यावर पहिले काही आठवडे मातीच्या वाटेवर नुसतं हातात धरून चालवावं. खडीवर न्यायचं तर खुरांचे बूट मिळतात ते घालावेत. प्रत्येक छाटणीला चारही तळव्यांचे फोटो एकाच बाजूनं काढून तारीख घालून ठेवावेत. वरून उतरणारी नवी भिंत जुन्या भिंतीपेक्षा उभट आणि घट्ट दिसू लागली तर काम बरोबर चाललंय. दोन-तीन महिन्यांनीही तसं दिसत नसेल आणि घोडा बोटावरच पाय टाकत असेल, तर पशुवैद्याकडून एक्स-रे काढून घ्यावा, आणि गरज निघाली तर नालबंदाला बोलवायला लाजू नये.