शोकेसमधला वजीर

मैत्रिणींनो, २०२५ च्या जुलैत आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, आणि आमच्या सावनेरच्या आयांची एक नवीनच चौकशी सुरू झाली. शाळेच्या फाटकाशी, भाजीबाजारात, हळदीकुंकवाला, जिथे गाठ पडेल तिथे एकच प्रश्न : "बाई, मुलीसाठी बुद्धिबळ घ्यायचंय. कोणतं घेऊ?"

मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. बुद्धिबळातली कोणी तज्ज्ञ नाही. पण लहानपणी बाबांच्या पटाशी बसलेली आहे, गेल्या काही वर्षांत लाकडी बुद्धिबळाचे चार-पाच संच जमवले आहेत, आणि ते जमवताना पैसे वायाही घालवले आहेत. माझ्या चुकांचा फायदा तुम्हाला व्हावा, म्हणून हे लिहिते आहे.

तुम्ही म्हणाल, प्लॅस्टिकचे स्वस्त आणि टिकाऊ असताना लाकडी कशाला? अगदी लहान मुलासाठी प्लॅस्टिकचे घ्या, मी नाही म्हणणार नाही. पण लाकडी संच एकदा नीट पाहून घेतला तर मुलीच्या मुलीपर्यंत जातो. पितळेच्या डब्यासारखी ही घरातली वस्तू होते.

आधी घोडा पाहा

साडी घेताना आपण पदर आधी उलगडतो, तसा बुद्धिबळ घेताना घोडा आधी हातात घ्यावा. राजा, वजीर, उंट, हत्ती, प्यादी या सगळ्या सोंगट्या मुख्यतः कातकामाच्या; यंत्रावर लाकूड फिरवून त्या उतरवतात. घोडा मात्र हाताने कोरावा लागतो. आपल्या देशात या कामाचे मोठे केंद्र म्हणजे पंजाबातले अमृतसर. तिथले लाकडी संच जगभर जातात. चांगल्या संचाच्या किमतीतला मोठा वाटा या चार घोड्यांचाच असतो.

चारही घोडे ओळीने उभे करा. दोन्ही बाजूंनी तोंड सारखे कोरले आहे का? आयाळीच्या रेषा स्वच्छ आहेत, की कशातरी ओढल्या आहेत? कान फार पातळ नाहीत ना? घरात खेळताना सगळ्यात आधी तुटतो तो घोड्याचा कान. म्हणून घरच्यासाठी जरा ठसठशीत घोडा बरा.

वजन आणि तळ

मग राजाला बोटाने हलकेच तिरके करून सोडा. चांगला राजा बाहुलीसारखा डोलून परत उभा राहतो. हलका असेल तर आडवा होतो. बऱ्याच संचांत तळाशी शिसे किंवा लोखंड घालून वजन दिलेले असते आणि खाली बनात चिकटवलेली असते. सोंगटी कानाशी धरून हलवून पाहा. आत खडखड वाजले तर वजन सुटलेले आहे, तो संच घेऊ नये. बनातीच्या कडा नखाने चाचपाव्यात. सुटत असतील तर महिन्याभरात पोरे त्या ओढून काढतील.

आणि मोजा! दोन्ही बाजूंच्या मिळून बत्तीस सोंगट्या. दुकानात मोजायला लाजू नका. प्यादे शेवटच्या घरात पोचले की त्याचा वजीर करता येतो, म्हणून काही संचांत दोन वजीर जास्तीचे देतात. ते मिळाले तर उत्तम.

लाकूड की नुसता रंग?

पांढरी बाजू बहुधा बॉक्सवुडसारख्या फिकट, घट्ट लाकडाची असते. काळी बाजू शिसमची, किंवा महागाच्या संचांत आबनुसाची. विड्यांसाठी ज्याची पाने तोडतात तो आपल्या विदर्भातला तेंदू आबनुसाच्याच कुळातला, बरं का. त्याचाही गाभा काळा असतो.

पण स्वस्त संचात 'आबनूस' म्हणून विकतात ते पुष्कळदा साधे लाकूड काळे रंगवलेले असते. रंगवलेले वाईटच असे नाही. फक्त किंमत आबनुसाची देऊ नये. पांढऱ्या रुमालाचे टोक ओले करून काळ्या सोंगटीच्या तळाजवळ घासा. रुमाल काळा झाला तर समजायचे ते समजा. तो रंग उद्या मुलांच्या घामेजल्या हातांना लागणार आहे. शिसम असेल तर उजेडात धरल्यावर लाकडाच्या रेषा दिसतात.

आणखी एक. कोणी जुना हस्तिदंती संच दाखवला तर हात जोडून परत करा. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे कायद्याने बंद आहे.

पट आणि सोंगट्यांचे जमले पाहिजे

माझी पहिली चूक इथेच झाली. एका प्रदर्शनात सोंगट्या आवडल्या म्हणून घेतल्या आणि पट घरातलाच वापरू म्हटले. सोंगट्या एवढ्या थोराड निघाल्या की एक घोडा उचलावा तर शेजारचे दोघे कलंडत. सोपी खूण सांगते : पटाच्या एका घरात चार प्यादी दाटीवाटीने बरोबर बसली पाहिजेत. स्पर्धांसाठी जागतिक संघटनेचे माप राजाची उंची साडेनऊ सेंटिमीटर आणि घराची बाजू पाच ते सहा सेंटिमीटर असे आहे. घरी त्याहून लहान चालेल. राजा तीन इंचांचा आणि घर पावणेदोन इंचांचे असले की जेवणाच्या टेबलावर पट नीट मावतो.

पट टेबलावर ठेवून चारही कोपरे दाबून पाहा. डगमगला तर लाकूड वाकलेले आहे. घडीचा असेल तर बिजागऱ्या खाली टोचत नाहीत ना, तेही पाहा. मांडताना प्रत्येकीच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर आले पाहिजे, हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवा.

हत्ती बुरुजासारखा का?

मुले हा प्रश्न हमखास विचारतात. आज सर्वत्र दिसणाऱ्या घडणीला स्टाँटन घडण म्हणतात. १८४९ साली लंडनच्या जॅक्स या पेढीने ती बाजारात आणली. आराखडा नॅथॅनियल कुक यांच्या नावे नोंदवलेला, आणि नाव मात्र त्या काळचे नामांकित खेळाडू हॉवर्ड स्टाँटन यांचे. त्यामुळे आपला हत्ती तिथे किल्ल्याचा बुरूज झाला आहे आणि आपल्या उंटाच्या डोक्यावर ख्रिस्ती धर्मगुरूची टोपी आहे. त्या टोपीतली खाच म्हणजेच उंटाच्या डोक्यावरची ती चीर.

आणि वजीर? तो तर तिकडे चक्क राणी आहे. पूर्वी ही सोंगटी तिरकी एकच घर चालायची. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात तिला पटभर फिरायची मुभा मिळाली आणि ती सगळ्यांत बलवान झाली. आपण मात्र तिला अजून वजीरच म्हणतो. माझ्या मुलीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपल्या घरात ती वेषांतर करून राहते!"

जमवायची हौस असेल तर

आधी एक खेळायचा संच, मग बाकीचे. प्रवासाला गेलात की तिथल्या हातचे काम पाहा. कोकणात सावंतवाडीला रंगीत लाकडी खेळण्यांची आणि गंजिफांची जुनी परंपरा आहे. कर्नाटकात चन्नपट्टणची लाखेच्या रंगांची खेळणी प्रसिद्ध आहेत. प्रत्येक संचाच्या पेटीत एक चिठ्ठी ठेवा : कुठे घेतला, कधी, कोणी दिला. दहा वर्षांनी ती चिठ्ठीच मोलाची वाटते.

आपल्या हवेतली निगा

विदर्भाचा उन्हाळा लाकडाचा वैरी. पारा पंचेचाळीसला टेकतो, हवा कोरडी होते आणि लाकूड तडकते. आबनूस तर लवकरच. त्यातून आपण संच ठेवतो कूलरच्या झोतासमोर, म्हणजे रात्री ओल आणि दिवसा भट्टी! उन्हाळ्यात तो भिंतीतल्या कपाटात, झाकणाच्या पेटीत, मऊ सुती कापडात ठेवा. पावसाळ्यात बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसा आणि पंख्याखाली वारा द्या. कडक उन्हात मांडू नका. पाण्याने तर कधीच धुऊ नये. वर्षातून एकदा अगदी थोडे मेण लावून पुसले की पुरे. पेटीत लाकडाचे बारीक पीठ दिसले तर कीड आहे. तो संच लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा. कान तुटला तर तुकडा काडेपेटीत जपून ठेवा. सुतारकामाच्या डिंकाने तो बेमालूम बसतो.

आणि माझी मोठी चूक

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले ती सांगते. बाबा रोज संध्याकाळी ओसरीवर पट मांडायचे. दादाला त्यांनी शिकवले. मी पाहून पाहून शिकले. मला कोणी 'नको' म्हटले नव्हते, पण 'ये' असेही म्हटले नव्हते. समोर बसायला कोणी नसेल तेव्हाच माझा नंबर लागायचा. त्या संचातले एक पांढरे प्यादे कधीचे हरवले होते. त्याच्या जागी आईच्या शिवणाच्या डब्यातले दोऱ्याचे रिकामे लाकडी रीळ उभे असायचे. आम्ही त्याला 'आईचा शिपाई' म्हणायचो.

बाबा गेल्यावर दादाने विचारले, "तुला काय हवं?" मी म्हटले, "बुद्धिबळ दे." दोऱ्यांच्या गाठी मारलेली ती जुनी पेटी मी सावनेरला आणली. आणली ती कशी, तर नटवायला! एका सुताराकडून सगळ्या सोंगट्या घासून घेतल्या, वर चकचकीत वॉर्निश चढवले, नवीन प्यादे कातून घेतले. संच पूर्ण झाला. दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये मांडला, कुलूप लावले. पाहुणे म्हणायचे, "वा! किती छान दिसतो."

रीळ कुठे गेले, कोण जाणे. सुताराचा काय दोष? मीच त्याला म्हटले होते, "हे काही लागणार नाही." बाबांच्या बोटांनी काळसर झालेला राजाचा माथाही त्या घासण्यात गेला. तेव्हा मैत्रिणींनो, जुन्या संचाला वॉर्निश लावू नका. त्याचा जुनेपणा हाच त्याचा दागिना आहे.

दिव्या जिंकली त्या आठवड्यात वर्गात मी मोठ्या कौतुकाने सगळी हकीकत सांगत होते. अंतिम सामन्यात दोघी भारतीयच. कोनेरू हंपीसारखी अनुभवी खेळाडू समोर. पहिले दोन डाव बरोबरीत, मग जलद डावांत एकोणीस वर्षांच्या दिव्याचा विजय, आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर किताब. मग मी खाडिलकर भगिनींची गोष्ट सांगितली. वासंती, जयश्री आणि रोहिणी या मुंबईच्या तिघी बहिणी. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली सुरू झाली ती वासंतीने जिंकली, आणि पुढची कितीतरी वर्षे विजेतेपद याच घरात राहिले. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा त्यावर वाद झाला. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युव यांनीच सांगितले की स्त्री आहे म्हणून कोणाला स्पर्धेबाहेर ठेवता येणार नाही.

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "बाई, तुमच्याकडं हाय काजी बुद्धिबळ?"

"आहे ना. शोकेसमध्ये."

"मंग खेळत काहून नाही?"

काय सांगणार? बाबांच्या ओसरीवर मी नंबर यायची वाट पाहिली, आणि स्वतःच्या घरात लेकीच्या आणि पटाच्या मध्ये मीच कुलूप लावले. तेही कोणी सांगितले नसताना!

त्या संध्याकाळी कुलूप काढले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोरी फोडतील, हरवतील." म्हटले, "हरवू देत." आता शनिवारी दुपारी आमच्याकडे मुलीच्या तीन-चार मैत्रिणी येतात. वॉर्निश जागोजागी उडाले आहे. एका घोड्याचा कान गेला, तो डिंकाने बसवला. मी अजून लेकीकडून हरत नाही, पण फार दिवस राहिलेले नाहीत.

मागच्या महिन्यात एक पांढरे प्यादे सोफ्याखाली की कुठे गेले, सापडेना. लेकीने माझ्या शिवणयंत्राच्या खणातले रीळ आणून त्या जागी उभे केले. प्लॅस्टिकचे, निळे. "चालेल ना गं आई?" तिला जुन्या रिळाची गोष्ट मी सांगितलेली नव्हती.

म्हटले, "चालेल. तुझी खेळी आहे."

दुसरे प्यादे कातून घ्यायचा विचार मी अजून केलेला नाही. तुम्हीही संच जरूर पारखून घ्या, घोडा पाहा, रुमाल ओला करून पाहा. पण घरी आणल्यावर तो हात पोचेल अशा जागी ठेवा, आणि मुलीला 'ये' म्हणा.