पुस्तक परदेशी पाठवताना

बऱ्याच जणांनी विचारलंय, जुनं, मोलाचं पुस्तक परदेशी पाठवायचं तर बांधायचं कसं? मी चेन्नईत राहतो आणि हे मी चुकून शिकलोय.

लंडनच्या भाचीला मी ‘कोसला’ची १९६३ची पहिली आवृत्ती पाठवली होती. काळजीपोटी प्रत्येक थरावर इतकी चिकटपट्टी मारली की तपासणीत कुणीतरी ती ब्लेडनेच कापली. मुखपृष्ठावर चीर गेली. काढलेला कागद परत नीट भरला गेला नाही, पुस्तक खोक्यात हलत गेलं, दोन कोपरे दबले. तेव्हापासून बांधताना मी एकच माणूस डोळ्यांसमोर ठेवतो: मध्येच पार्सल उघडणारा. इथलं कस्टम्स उघडू शकतं, तिथलंही उघडू शकतं. त्याला पुस्तक न कापता काढता आलं पाहिजे आणि जसंच्या तसं परत ठेवताही आलं पाहिजे.

पण त्याआधी दमट हवा. आपल्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस, आणि एरवीही समुद्राचा ओलावा असतोच. कागद हा ओलावा पितो. तसंच पुस्तक प्लास्टिकमध्ये बंद केलं की पाणीही आतच बंद होतं, मग बुरशी धरते. म्हणून पुस्तक दोन दिवस एसीच्या खोलीत उभं ठेवा, पानं किंचित मोकळी करून. उन्हात मात्र घालू नका, कागद पिवळा पडतो आणि बांधणी वाकते.

मग कोऱ्या पांढऱ्या कागदात गुंडाळा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. त्यावर पॉलिथिनची पिशवी; तोंड दुमडून एकच पट्टी लावा आणि पट्टीचं टोक दुमडून ठेवा, म्हणजे ओढलं की निघेल. पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकायची तर ती कागदाच्या बाहेर. आता जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या, पुस्तकापेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठे. पुस्तक मध्ये ठेवून सुतळीने गाठ मारा, सुरगाठ. खोकं पडलं तर मार पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला बसतो, पुस्तकाच्या नाही. माझ्या मते सगळ्या बांधणीत हे पुठ्ठे सर्वांत महत्त्वाचे, आणि लोक नेमके तेच विसरतात. बबल रॅप पुठ्ठ्यावरून; थेट मुखपृष्ठावर गुंडाळला तर गोल वळ उठतात.

खोकं फाइव्ह-प्लाय घ्या. पुस्तकाभोवती सगळीकडून दोन इंच जागा आणि तीत चुरगाळलेला कागद गच्च. हलवून बघा. आवाज आला तर अजून भरा. आत पत्त्याची एक चिठ्ठी ठेवा, आणि बांधण्यापूर्वी पुस्तकाचे फोटो काढून ठेवा. पूर्वी पार्सल कापडात शिवून लाखेची सील लावायचे. दिसायला झकास, पण उघडणाऱ्याने उसवलं की परत शिवणार कोण?

कस्टम्सच्या फॉर्मवर ‘छापील पुस्तक’ लिहा आणि खरी किंमत टाका. कमी दाखवली तर हरवल्यावर भरपाई मागायला तोंड राहत नाही.

आता एक गोष्ट जी बांधणीच्याही आधी बघायला हवी होती. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल, किंवा मोलाचं हस्तलिखित वा दस्तऐवज ७५ वर्षांहून जुना असेल, तर तो खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पणजोबांची मोडी कागदपत्रं, जुनी पोथी यात सहज येऊ शकतात. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारा. वस्तू पुरावशेष नाही असा दाखला तिथून मिळतो. चेन्नई मंडळाचं कार्यालय सेंट जॉर्ज किल्ल्यात आहे.

माझ्याकडे मोल्सवर्थचा कोश आहे, १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीचा. भाचीला तोही हवा होता. इथे तारामणीला रोजा मुत्तैया ग्रंथालय आहे. तो तमिळ संग्रह शिकागो विद्यापीठाने १९९४ साली विकत घेतला, पण पुस्तकं चेन्नईतच ठेवली आणि त्यांच्या मायक्रोफिल्म केल्या. मीही तेच केलं. कोश कपाटात आहे, आणि तिला लागतील ती पानं मी फोटो काढून पाठवतो. सध्या ती ‘क’वर आहे.