एकशे दहाचं भाडं

पहाटे ५.३०
गाडी धुतोय तोवर पार्टीचा फोन. साहेब हैदराबादच्या विमानानं कोल्हापूरला उतरणार, तिथून मी त्यांना चिपीला, सिंधुदुर्ग विमानतळाजवळच्या साइटवर सोडायचं. भाडं रात्रीच सांगितलं होतं. "दादा, दोन विमानतळांतलं अंतर ११० किलोमीटर दाखवतंय. तुम्ही १६० चा हिशोब कसा धरता?" म्हटलं, "बरोबरच दाखवतंय साहेब. पण ते हवेतलं. विमानाला घाट नसतोय."

८.००
डिझेल, हवा, स्टेपनी. चहा.

१०.३०
उजळाईवाडी, कोल्हापूरचं विमानतळ. ही धावपट्टी १९३९ ची, राजाराम महाराजांच्या काळातली. चिपीचं विमानतळ चालू झालं ते २०२१ ला. दोन्हीकडं विमानतळ, पण एकीकडनं दुसरीकडं विमान नाही. 'उडान' योजनेच्या मूळ नियमात टप्पा २०० ते ८०० किलोमीटरचा. डोंगराळ, दुर्गम भाग आणि बेटं यांना खालच्या मर्यादेतनं सूट. ११० किलोमीटरला विमान चढून सरळ होतंय तोवर उतरायलाच लागणार. मग राहिलो आम्ही.

१२.००
परितेच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या. मागनं हॉर्न वाजवून उपयोग नाही; ट्रॅक्टरवाला टेप बंद करेल तेव्हा ऐकू जाणार.

१.००
राधानगरीत जेवण. साहेबांनी फोनवर रेघ ओढून दाखवली, तर ती जवळजवळ आमच्या ताटावरनंच गेलेली. म्हणजे इथवर रस्ता आणि रेघ जोडीनं आले होते. शाहू महाराजांचं धरण बघू म्हणाले. लांबनं दाखवलं, थांबलो नाही.

२.१५
दाजीपूर सोडलं की फोंडा घाट. उजळाईवाडी समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास, चिपीचा सडा शंभराच्याही खाली. ही सगळी उतरण सह्याद्री एकाच जागी वसूल करतो. दुसऱ्या गिअरला गाडी टाकली की ब्रेकवरचा पाय नुसता टेकवून ठेवायचा, दाबून धरला तर खाली पोचेपर्यंत लायनर जळल्याचा वास येतो. समोरनं लोड गाडी चढत असेल तर उतरणाऱ्यानं कडेला घ्यायचं; चढावर थांबलेला ट्रक परत उचलणं म्हणजे काय, ते त्या ड्रायव्हरला विचारावं. तीन ठिकाणी थांबलो. दुसऱ्या थांब्याला साहेबांनी फोन खिशात टाकला आणि काच खाली घेतली. लिंबू डॅशबोर्डात असतंच.

३.१५
कणकवली. इथनं हायवे. कुडाळपर्यंत गाडी नुसती सोडायची.

४.३०
कुडाळहून आत वळून परुळ्याकडनं चिपी. जांभ्याचा उघडा सडा, वर अडीच किलोमीटरची धावपट्टी. मीटरचा फोटो मी निघताना काढला होता, आता दुसरा काढला. साहेबांनी दोन्ही बघितले. १६० ओलांडले होते. पैसे दिले, वर "परतीचं कशाला धरता?" हेही विचारलं. इथनं कोल्हापूरचं भाडं रोज कुठलं मिळतंय? गाडी रिकामी परत न्यायची म्हणजे डिझेल काय कमी लागतं?

९.३०
घरी. जेवताना दुसरा फोन : उजळाईवाडी ते बेळगावचं सांबरा विमानतळ, किती घेणार? हवेतलं अंतर शंभराच्या आत, म्हणजे चिपीपेक्षा फार कमी नाही. पण सगळा हायवे, घाट नाही, रस्त्यानं सव्वाशेच्या आतच बसतं, आणि बेळगावहून परतीची पार्टी बहुतेक मिळतेच. भाडं एका वाक्यात ठरलं.