मुशीचे भय आणि पाण्याचा धोका

दिवाळीची सुटी जवळ आली, की माधवनगर, बुधगाव, सांगली या परिसरातून मालवणला जाणाऱ्या सहलींचे बेत आखले जाऊ लागतात. एके काळी होडीतून सिंधुदुर्ग किल्ला पाहणे, तारकर्लीच्या वाळूत पाय भिजवणे आणि सोलकढी पिऊन परतणे एवढाच या सहलींचा कार्यक्रम असे. अलीकडे त्यात स्कूबा डायव्हिंगची भर पडली आहे. डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवायचा, तोंडात श्वासनळी धरायची, पाव तास समुद्राच्या तळाशी घालवायचा आणि त्याचे चित्रीकरण घेऊन घरी यायचे. हा खेळ आता महाविद्यालयीन तरुणांपुरता राहिलेला नाही. शिक्षक, कारकून आणि त्यांची कुटुंबेही पाण्यात उतरू लागली आहेत. उतरण्यापूर्वी बहुतेकांच्या ओठी एकच प्रश्न असतो : तेथे शार्क तर नाही ना?

कृष्णाकाठच्या माणसाने हा प्रश्न विचारावा यात नवल नाही. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत; त्यांनी माणसांवर हल्ले केले आहेत, बळीही घेतले आहेत. नदीत जशी मगर, तसा समुद्रात शार्क, असे समीकरण मनात आपोआप तयार होते. १९७५ साली आलेल्या ‘जॉज’ या चित्रपटाने ते जगभर पक्के केले. ज्यांच्या कादंबरीवरून तो चित्रपट निघाला, त्या पीटर बेंचली यांनी पुढे आयुष्याची कित्येक वर्षे शार्कच्या रक्षणासाठी वेचली, ही गोष्ट मात्र चित्रपटाइतकी पसरली नाही.

वस्तुतः ज्याला आपण शार्क म्हणून भितो, तो मासा कोकणाला परका नाही. मुंबईकडे त्याला मुशी म्हणतात, मालवणात मोरी. हातोड्यासारख्या डोक्याची ती कानमुशी. मालवणला जाणाऱ्या प्रवाशाला मुशी पाहावयाचीच असेल, तर त्याने सकाळी मासळीबाजारात जावे. किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात ती भेटण्याचा योग फारच दुर्मिळ. मोठ्या मुशी असतात त्या दूर, खोल पाण्यात. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रात बुडालेले एक विस्तीर्ण पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या घराण्यावरून त्याला ‘आंग्रिया बँक’ म्हणतात. तेथवर सहलीची होडी जात नाही.

महाराष्ट्रात मुशी माणसाला चावलीच नाही, असेही नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या पाण्यात मासे धरण्यासाठी उतरलेल्या एका तरुणाच्या पायाचा तिने लचका तोडला. मुशीची ‘बुल शार्क’ नावाची एक जात खाऱ्या पाण्यातून नदीत वर चढू शकते, हे शास्त्राला पूर्वीपासून ठाऊक आहे. परंतु त्या एका घटनेची बातमी देशभर गाजली, यातच तिचे दुर्मिळपण दिसते. साऱ्या जगात माणसाने डिवचले नसताना शार्कने चावा घेतल्याच्या घटना वर्षाकाठी साधारण साठ-सत्तर नोंदल्या जातात. त्यांत मृत्यू होतात ते बहुधा दहाच्या आत. आपल्या देशात बुडून मरणाऱ्यांची संख्याच वर्षाला तीस हजारांवर जाते.

तेव्हा भय बाळगायचेच, तर ते पाण्याचे आणि आपल्या अज्ञानाचे बाळगावे. आपली वृत्तपत्रेही पाणबुड्याच्या पाठीवर ‘ऑक्सिजनचे सिलिंडर’ असल्याचे बिनदिक्कत लिहितात. त्यात असते ती साधी, दाबून भरलेली हवा. कुस्तो आणि गान्याँ या दोघा फ्रेंच गृहस्थांनी १९४३ साली सिद्ध केलेल्या यंत्रामुळे ही हवा सभोवतीच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने तोंडात येते, आणि खरी मेख येथेच आहे. पाण्यात दहा मीटर खाली गेले, की अंगावरचा दाब दुप्पट होतो. तेथे छातीभर घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली, तर पृष्ठभागाशी येईतो तिचे आकारमान दुप्पट होऊ पाहते. आमच्या विज्ञान शिक्षकांनी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलेला बॉईलचा नियम तो हाच. पण फळ्यावर फुफ्फुस फाटत नाही. चार-पाच फुटांवरूनही घाबरून, श्वास कोंडून वर उसळी मारणाऱ्याला इजा होऊ शकते. ‘श्वास कधीही रोखू नका’ हा या विद्येचा पहिला धडा असतो तो याचसाठी.

आता हा धडा पर्यटकाला कोण आणि किती वेळ देतो? तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तेथे तलावात सराव करून घेण्याची सोय आहे. परंतु गर्दीच्या दिवसांत पुष्कळ पर्यटकांना होडीतच दोन-चार खुणा शिकवल्या जातात. पोहता न येणारा माणूस एका अनोळखी तरुणाचा हात धरून तळाशी जातो. तो तरुण बहुधा कोळ्याचा मुलगा असतो, पाण्यात वाढलेला असतो, आणि त्याच्या कौशल्याविषयी आम्हांला आदर आहे. पण कौशल्य निराळे आणि व्यवस्था निराळी. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा आटोपून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. तेथे मुशी नव्हती.

मुशीच्या बाजूने पाहिले तर चित्र उलटेच दिसते. माणूस दरसाल सुमारे दहा कोटी शार्क मारतो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. हा मासा उशिरा वयात येतो आणि थोडीच पिल्ले देतो. इतर मासळीप्रमाणे त्याची भर झपाट्याने निघत नाही. कित्येकदा तर केवळ सूपासाठी त्याचे पर कापून धड समुद्रात टाकले जाई. आपल्या सरकारने परांची निर्यात २०१५ साली बंद केली. त्याआधी २००१ साली व्हेल शार्क या महाकाय पण निरुपद्रवी माशाला वाघाच्या बरोबरीचे कायदेशीर संरक्षण मिळाले. अंगाने बसगाडीएवढा हा मासा सूक्ष्म जीवांवर जगतो. तो चुकून जाळ्यात सापडला, तर जाळे कापून त्याला सोडणाऱ्या मच्छिमाराला महाराष्ट्र शासन पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. हजारो रुपयांचे जाळे कोळ्याने स्वखुशीने कापावे, अशी अपेक्षा त्याआधी कोणत्या तोंडाने करणार होतो?

मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तरीही पर्यटक प्रवाळावर पाय देऊन उभे राहतात आणि माशांना बिस्किटे चारतात. हौस म्हणून हे चालवून घेतले जाते.

यंदा सहल नेणाऱ्या शिक्षकांनी होडीत पाय ठेवण्यापूर्वी चालकाला शार्कविषयी विचारू नये. परवाना दाखवा म्हणावे, जीवरक्षक जाकिटे मोजून घ्यावीत, सोबत उतरणाऱ्याचे प्रशिक्षण कोठे झाले ते विचारावे. दमा, हृदयविकार किंवा कानाचे दुखणे असलेल्या विद्यार्थ्याला, तो कितीही रुसला तरी, काठावर बसवावे.